बाबांच्या फियाटला नवं इंजिन बसवावं का?

सांगलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या वडिलांनी १९७२ साली फियाट घेतली. नंबर लावून काही वर्षं वाट पाहिल्यावर मिळालेली, घरातली पहिली आणि शेवटपर्यंतची एकुलती एक गाडी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्री घालून उभी आहे. पुण्यात राहणारा धाकटा भाऊ म्हणतो, ती अशी सडवण्यापेक्षा मारुती जिप्सीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवू, फ्लोअर गिअर करू, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगपासून खाली तळावर आणू, पॉवर स्टिअरिंग आणि एसी टाकू, म्हणजे कुणालाही चालवता येईल. पुण्यातलं एक गॅरेज काम करायला तयार आहे. वडिलांच्या काळापासून गाडी सांभाळणारे मिस्त्री म्हणतात, एक नटसुद्धा बदलू नका, सगळी किंमत जाईल. ताईंना स्वतःला गाडी चालवायची आहे. महिन्यातून एक-दोनदा आईला नरसोबाच्या वाडीला न्यायचं आहे. पण ब्रेकची भीती वाटते. त्या लिहितात, "बदल केले तर ती बाबांची गाडी राहणार नाही आणि नाही केले तर ती चालणारच नाही. लहानपणी पुढच्या सीटवर आई-बाबांच्या मधे बसून मी सगळा जिल्हा पाहिला. कुणाचं ऐकू?"

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. तिसऱ्यांदा एक गोष्ट शोधायला, आणि ती सापडली नाही. तिच्याकडे शेवटी येते.

आधी 'मूळ' या शब्दाबद्दल बोलू. तुम्ही पत्रात सहज लिहून गेला आहात की गाडी आधी राखाडी होती, तुमच्या मावशीच्या लग्नाच्या वर्षी बाबांनी ती क्रीम रंगात रंगवून घेतली. सीटचं रेक्झिन दोनदा बदललं. गाडीला वीज पुरवणारा डायनामो सारखा त्रास द्यायचा म्हणून नव्वदच्या दशकात बाबांनीच त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला. म्हणजे तुम्ही जिला बाबांची गाडी म्हणता, ती कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी नव्हेच. ती पन्नास वर्षं एका माणसानं वापरलेली, गरजेप्रमाणे दुरुस्त केलेली, मनाप्रमाणे रंगवलेली गाडी आहे. मिस्त्री जपू पाहतात ते मूळ कारखान्याचं आहे आणि तुम्हाला जपायचं आहे ते बाबांचं. पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकच असतं, काही ठिकाणी नसतं. ते वेगळं करून पाहिलंत तर निम्मा गुंता इथेच सुटेल.

शिवाय या गाडीच्या बाबतीत कारखान्याचं मूळसुद्धा एका जागी थांबलेलं नव्हतं. फियाटनं इटलीत '११००' नावाच्या गाडीचा हा साचा १९५३ मध्ये आणला. पुढच्याच वर्षी वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं त्याची सुरुवातीची गाडी, म्हणजे मुंबईकरांची डुक्कर फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवायला घेतली. १९६४ पासून ११०० डी आली, तुमची तीच. १९७३ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४ मध्ये पद्मिनी. विसावं शतक संपेपर्यंत ती बनत राहिली. अंगाचा आकार फारसा बदलला नाही, पण आतले भाग कारखाना सुधारत गेला. डायनामो जाऊन अल्टरनेटर आला, शेवटी शेवटी स्टिअरिंगजवळचा गिअर जाऊन फ्लोअर गिअरही आला. तेव्हा मिस्त्रींचं 'एक नटसुद्धा नको' हे खुद्द कारखान्यानंही पाळलेलं नाही. तुमच्या दृष्टीनं यातली कामाची गोष्ट अशी की १९७२ च्या गाडीला लागू पडणारे, पण पुढच्या वर्षांत सुधारलेले असे त्याच घराण्यातले काही भाग मिळतात. तुमचं आणि भावाचं भांडण कारखान्याच्या भागांपाशी मिटू शकेल अशा जागा आहेत, हे ध्यानात ठेवा.

जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ आहे, फिव्हा. त्यांनी २०१२ मध्ये एक सनद मंजूर केली. नाव तुरिन सनद; तुरिन म्हणजे फियाटचं जन्मगाव. ऐतिहासिक वाहनाला हात कसा लावावा, याची ती तत्त्वं आहेत. बदल करूच नका असं ती म्हणत नाही. तिचा आग्रह असा की सुरक्षेसाठी किंवा कायद्यासाठी बदल लागलाच तर तो कमीत कमी असावा, परत काढता येण्यासारखा असावा आणि त्याची नोंद ठेवावी. मी गेली कित्येक वर्षं वाचकांना हेच माझ्या भाषेत सांगत आले आहे: पान्यानं होतं की कटरनं, एवढं विचारा. जो बदल पान्यानं बसतो आणि पान्यानंच निघतो, तो करताना फार घाबरू नका. ज्याला पत्रा कापावा लागतो, तिथे वर्षभर थांबा.

आता भावाच्या यादीकडे वळू. जिप्सीचं इंजिन सुचवणारा माणूस अडाणी नाही. फियाट मागच्या चाकांवर चालते. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांची इंजिनं आडवी आणि पुढच्या चाकांसाठीची, ती हिच्यात बसत नाहीत. जिप्सीचं उभं असतं, म्हणून ते सुचतं. पण आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. नंतरच्या जिप्सीचं १२९८ सीसीचं, ऐंशी अश्वशक्तीचं. दुप्पट. मागचा अॅक्सल, पुढचं सस्पेन्शन, चारही चाकांचे ड्रम ब्रेक आणि अरुंद टायर, हे सगळं चाळिसाच्या हिशेबानं बनवलेलं आहे. इंजिन बदललं की ब्रेक बदलायला लागतात, ब्रेकमागून हब आणि चाकं, मग प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर, टाकीतला पंप. गिअरबॉक्ससाठी तळाचा मधला उंचवटा, म्हणजे बोगदा, कापायला लागतो. आणि या गाडीला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. तळ, खांब, छत मिळून जी पेटी होते, तीच तिची चॅसिस. तळ कापणं म्हणजे तिचा कणा कापणं. असं काम उत्तम करणारे लोक आहेत, पण त्यातून तयार होते ती फियाटच्या कपड्यातली दुसरी गाडी.

तुम्हाला ती दुसरी गाडी हवी आहे का? सांगली ते वाडी, अंकली-जयसिंगपूर-शिरोळवरून, पंचवीस किलोमीटरच्या आसपास. सकाळी निघायचं, दर्शन घ्यायचं, दुपारच्या आत परत. रस्ता सपाट, सोबत आई, वेग पन्नासच्या घरात. हे काम या इंजिननं मुंबईत टॅक्सी होऊन दिवसाला दहा-दहा तास केलं आहे. धडधाकट असेल तर तुमच्या प्रवासाला ते पुरून उरेल. आठवड्याला पुणे-सांगली करायचं असतं तर मी तुम्हाला वेगळं इंजिन नव्हे, वेगळी गाडीच घ्या म्हटलं असतं.

कायद्याची बाजू भावाला जरूर दाखवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे निर्मात्यानं दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किंवा विजेसारखा इंधनबदल प्रमाणित किट वापरून, आरटीओत नोंद करून करता येतो. दुसऱ्या कंपनीचं इंजिन आधी बसवून मग कागद बघू, हा रस्ता मात्र धरू नका. विम्याचा प्रश्नही इथेच येतो. पुस्तकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरं असेल, तर अपघातानंतर विमा कंपनीसमोर तुमची बाजू लंगडी पडते. आणि अपघात म्हटला की त्यात समोरचा माणूसही असतो.

मिस्त्रींच्या 'किंमत जाईल' यालाही कायद्यात एक आधार आहे, बहुधा त्यांना ठाऊक नसलेला. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची १९७२ ची, म्हणजे २०२२ पासूनच पात्र. शुल्क वीस हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढचं नूतनीकरण पाच हजारांत. आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, आणि बाबांचा तो तीन अक्षरी नंबर तुम्हाला किती प्यारा आहे ते पत्रातून दिसतं.

पण घाई करू नका. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे आईला घेऊन वाडी बंद. मिस्त्रींच्या सल्ल्याचं शेवटचं टोक हे आहे: गाडी अस्सल राहील आणि शेडमध्ये राहील. दिल्लीत लाल बहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची १९६४ ची फियाट ठेवली आहे. कर्ज काढून घेतलेली ती गाडी तिथे उभी असणंच योग्य आहे, तिच्याकडे बघायला लोक जातात. तुमच्या गाडीकडे बघायला शेडमध्ये कुणी येणार नाही. तिला जायचं आहे. म्हणून आज साधी खाजगी नोंदणीच ठेवा, पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा आणि बॉडी व इंजिन न कापता ठेवा. पुढे कधी तुम्ही किंवा तुमची मुलं ठरवाल तेव्हा व्हिंटेजचं दार उघडं असेल. पत्रा एकदा कापला की ते कायमचं बंद.

आता ब्रेक. ताई, तुमची भीती खरी आहे, तिला हळवेपणात बुडवू नका. तुमच्या गाडीच्या काळात ब्रेकचं तेल एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच वाटेनं चारही चाकांना जायचं. एक होज फुटला की चारही ब्रेक गेले. पुढच्या काळातल्या गाड्यांत ती वाट दुहेरी झाली. एक गेली तरी दुसऱ्या जोडीचे ब्रेक लागतात. जाणत्या माणसाकडून दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून घ्या. ब्रॅकेट आणि नळ्यांचं काम आहे, जुना सिलिंडर डब्यात जपून ठेवता येतो. जोडीला व्हॅक्यूम बूस्टर घातलात तर पायाला हलकं पडेल. होज, चाकांमधले सिलिंडर आणि लाइनर मात्र नवेच घाला, कितीही चांगले दिसत असले तरी. उभ्या गाडीत ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं आणि सिलिंडर आतून गंजतात. पुढे डिस्क ब्रेक बसवायचा मोह होईल. चाळीस अश्वशक्तीच्या, नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला, पन्नासच्या वेगात, नीट जुळवलेले ड्रम पुरेसे आहेत. हे सगळं करून महिनाभर चालवा, आणि तरीही मन धजत नसेल तर डिस्कचा विचार करा. अस्सलपणापायी भीत भीत गाडी चालवू नका. बाबांनी तुम्हाला तशी चालवू दिली नसती.

सीटबेल्टबद्दल मी माझाच नियम मोडते. तळाला भोकं पाडावी लागतील, मागून जाड पट्टी वेल्ड करावी लागेल. पाडा. आणि एक बोलायला जड जाणारी गोष्ट. पुढच्या अखंड सीटवरची ती मधली जागा, जिथून तुम्ही जिल्हा पाहिला, तिथे आज कुठल्याही लहान मुलाला बसवू नका. समोर पत्र्याचा डॅशबोर्ड आहे, आणि या गाडीचं स्टिअरिंगही धडकेत दुमडणारं नाही. भाचरं मागे बसतील, बेल्ट लावून.

पण त्या जागेमुळेच फ्लोअर गिअरबद्दल माझं मत पक्कं झालं. गिअर स्टिअरिंगपाशी आहे म्हणून पुढे अखंड सीट आहे, आणि अखंड सीट आहे म्हणून तुम्ही मधे बसू शकलात. दांडा खाली आला की सीट दोन होतात आणि ती जागा गाडीतून नाहीशी होते. तिथे कुणी बसलं नाही तरी ती असावी, असं मला वाटतं. भावाला स्टिअरिंग गिअर अवघड जातो तो बहुधा सवय नाही म्हणून, आणि सांध्यांतले बुश झिजून दांडा ढिला झाला असेल म्हणून. गिअर सापडत नाही, अडकतो, ही तक्रार बुश आणि जोडदांडे बदलले की बरीचशी जाते.

यातला माझा एक अनुभव सांगते. माझ्या सासऱ्यांचीही पद्मिनी होती. ती आम्ही एका गॅरेजात फ्लोअर गिअर करायला दिली. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. त्यांनी तळ कापला, झाकण बसवलं, काम बरं केलं. जुन्या दांड्याची जोडणी मात्र न विचारता भंगारात दिली. सासरे काही बोलले नाहीत. पण त्यांचा डावा हात पुढे कितीतरी महिने स्टिअरिंगमागे जायचा आणि तिथे काही नसायचं. मी मागे बसून ते बघायचे. पुढे तो भाग परत बसवायचा म्हणून मी पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पुष्कळ फिरले. भाग मिळाला, पण कापलेला तळ पहिल्यासारखा झाला नाही. म्हणून सांगते, गॅरेज कुठलंही असो, काढलेला प्रत्येक भाग घरी परत आणायचा, चिठ्ठी लावून, तेल लावून, गोणपाटात बांधून. काम देतानाच हे लिहून घ्या.

पॉवर स्टिअरिंग नको. जड लागतं तिथे आधी टायरमधली हवा, पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनचं ग्रीस आणि स्टिअरिंग बॉक्समधलं तेल बघा. कुणी कधी रुंद टायर घातले असतील तर ते काढा. मूळ मापाचे अरुंद टायर, पण रेडियल घातलेत तर गाडी सरळ धावेल, आणि बाहेरून फरक कुणाच्या लक्षात येणार नाही. टायरच्या अंगावर चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तो वाचूनच घ्या. जुन्या गाडीच्या मापाचे टायर कधी कधी दुकानातच म्हातारे झालेले असतात.

एसीबद्दल मी ठाम 'नको' म्हणत नाही. अल्टरनेटर असल्यानं विजेचा भार पेलेल, पण कॉम्प्रेसर इंजिनची ताकद खातो, आणि चाळिसातले चार-पाच गेले तरी चढावर जाणवतात. आधी एक उन्हाळा पुढच्या दारांच्या तिकोनी काचा उघडून सकाळी लवकर निघून बघा. आईंना त्रास झालाच तर डॅशबोर्ड न कापता खाली टांगायचं युनिट बसवता येतं.

काही बदल मात्र मी मिस्त्रींनाही पटवून करायला लावीन. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसतं. बाहेरून काही दिसत नाही, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला लागते, आणि जुने पॉइंट डिकीत ठेवता येतात. हेडलाइटला रिले लावा. उजेड वाढतो, आणि पन्नास वर्षांच्या स्विचमधून जास्त करंट जात नाही. नुसता एलईडी बल्ब जुन्या परावर्तकात घालू नका. त्याचा झोत विस्कटतो, तुम्हाला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो. रेडिएटर आतून साफ करून घ्या, होज नवे घाला, थर्मोस्टॅटवर चालणारा विजेचा पंखा जोडा. या इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. एकदा पाणी उकळलं की ते वाकतं, आणि हेड गॅसकेट उडालं की रस्त्यातच बसावं लागतं.

आणि पेट्रोल. हल्ली पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९७२ च्या रबराला ते मानवत नाही. नळ्या फुगतात, पंपाचा पडदा मऊ पडतो, गळती सुरू होते, आणि गळणारं पेट्रोल गरम इंजिनवर पडलं की पुढचं सांगायला नको. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं किट इथेनॉल चालेल असं घाला. हे 'अपग्रेड' नाही, गाडी जिवंत ठेवायची किमान अट आहे. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे अर्धी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवू नका.

म्हणूनच, कुणी उत्साहानं जाऊन सेल्फ मारायच्या आधी थांबवा. दोन वर्षांचं पेट्रोल काढून टाकी धुवा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक दिवस जाऊ द्या, मग इंजिन हातानं फिरवून बघा. सुटं फिरलं तर तेल बदला, मग सेल्फ. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. चारही सिलिंडर सारखे आले तर नव्या इंजिनाचा विषय तिथेच बराचसा संपतो. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी शेडमध्ये आलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. आलं असेल तर मॅट काढून, दारांखालच्या पट्ट्यांत आणि तळाला पेचकस टोचून बघा. तो आत गेला तर सगळ्यात पहिला खर्च पत्र्याचा, बाकी सारं नंतर. पुटी भरून वर रंग मारणाऱ्याकडे जाऊ नका.

सुट्या भागांचा साठा या वर्षीच करा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. टॅक्सीवाल्यांमुळेच इतकी वर्षं क्लच प्लेट, किंगपिन, वॉटर पंप दुकानात असायचे. आता जे आहे ते सरत चाललेलं आहे. ही खरेदी भावाकडे द्या, तो पुण्यात आहे, नाना पेठ हाताशी आहे. मला त्याच्या यादीत हट्ट दिसला नाही. गाडी रस्त्यात बंद पडेल, दीदी आणि आई अडकतील, आपण दोनशे किलोमीटर लांब असू, ही काळजी दिसली. त्याला जिप्सीचं इंजिन नाकारताना ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या आणि कूलिंगची जबाबदारी त्याच्या हाती द्या. आणि मिस्त्रींना त्याच्यासोबत बसवा. त्यांच्या हातात जे आहे ते दुसऱ्या कुणालातरी यायला हवंच.

आता ती न सापडलेली गोष्ट. पत्रात भावाचं मत आहे, मिस्त्रींचं आहे, शेजाऱ्यांचंही आहे. आईंचं नाही. त्या गाडीत त्यांनी पन्नास वर्षं बाबांच्या डावीकडे बसून काढली. गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिता, मग सीट त्यांना किती उंच हवी, दार धरायला मूठ हवी का, आणि मुळात त्यांना पुन्हा त्या गाडीत बसायचं आहे का, हे कुणी विचारलं आहे का? काही बायकांना रिकामी ड्रायव्हरची जागा बघवत नाही. काहींना तिथे आपली लेक बसलेली बघायची असते. विचारल्याशिवाय कळणार नाही.

विचारायला कारणही आहे. तुमच्या लिहिण्यावरून गाडी अजून बाबांच्याच नावावर दिसते. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. ती मुदत गेली आहे, विलंबाचे पैसे भरावे लागतील, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, नोंदणीपुस्तक, विमा आणि इतर वारसांची संमती लागेल. हे झाल्याशिवाय ना विमा नीट होईल, ना नूतनीकरण, ना कुठल्या बदलाची परवानगी. संमतीच्या त्या कागदावर आई आणि भाऊ दोघांच्या सह्या लागतील. तेव्हा सगळे एका टेबलापाशी बसाल. गॅरेजला हो किंवा नाही कळवण्याआधी ते बसणं होऊ द्या.

भाऊ त्यासाठी सांगलीला आला की मिस्त्रींना बोलवा आणि एखाद्या मोकळ्या मैदानात त्याला स्टिअरिंग गिअर शिकवायला लावा. बुश बदलून झालेले असले तर दोन सकाळी पुरतील. या गाडीचा पहिला गिअर चालत्या गाडीत पडत नाही, करकरतो. गाडी पूर्ण उभी राहिली की मगच टाकायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवा.